काठवट, चार मापं आणि एक 'पेशवेकालीन सट' : ओळख कशी पटवायची, किंमत कशी धरायची?

(मंचावरची चर्चा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वाटणीपत्र

घरातल्या जुन्या लाकडी भांड्यांची वाटणी तीन भावंडांत व्हायची आहे. कोणाला काय द्यायचं यावर वाद नाही, कशाची किती किंमत धरायची यावर आहे. मोजमापं घेऊन ठेवली आहेत. जाणकारांनी ओळख, लाकूड, अंदाजे वय आणि किंमत काढायची रीत सांगावी.

काठवट (भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात) : वरचा व्यास शिरेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने ४६.० सेमी, शिरेला आडवा ४५.१. तळ ३४ सेमी. बाहेरून उंची ९, आतली खोली ५.५. काठापर्यंत ज्वारी भरून सपाट केली तर ५.९ लिटर मावते. वजन ४.२ किलो. रंग तांबूस काळा. एका कडेला भेग आहे, तिच्यावर लोखंडी पट्टी ठोकलेली. तळाला बारीक भोकं सात-आठ.

मापं : चार, सरळ उभी, पितळी पट्ट्या मारलेली. ज्वारीने मोजल्यावर ३.९ लिटर, १.९५, ०.९७ आणि सर्वांत लहान ०.४०.

गोल भांडं : झाकण नाही. पोट फुगीर, गळा अरुंद. उंची २४ सेमी, पोटाशी २०, तोंड ११. आतून-बाहेरून गोल रेघा, गळ्याखाली कोरलेल्या तीन रेषा. आतून काळं, वास आंबूस. हे विकत घेतलेलं आहे, दुकानदाराच्या बिलावर 'पेशवेकालीन लोणच्याचा सट' असं लिहिलंय.

यांना तेल लावून चकाकी आणावी का? आणि एक भाऊ कॅनडात असतो, त्याला यातलं एखादं नेता येईल का?

वाकसाचा_घाव

तेलाचा हात आधी आवरा. तेल मुरलं की लाकडाचा मूळ रंग, हत्याराच्या खुणा आणि वर्षानुवर्षांचा थर सगळं एकसारखं काळं होतं, मग पारख करायला काही उरत नाही. पाण्यानेही धुऊ नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, बस.

मोजमापं नीट दिलीत हे फार बरं केलंत. फोटो पाहून लाकूड सांगणारे खूप भेटतात, वजन-मापावरून मात्र निदान काही लाकडं बाद करता येतात. काठवटीचा बाहेरचा आकार म्हणजे वरचं टोक कापलेला शंकू उलटा ठेवलेला. वरच्या व्यासाचा वर्ग, खालच्या व्यासाचा वर्ग आणि दोन्ही व्यासांचा गुणाकार यांची बेरीज करायची, तिला उंचीने गुणायचं आणि पुन्हा ०.२६२ने. वरचा व्यास सरासरी ४५.५ धरला तर ११.२ लिटर येतात. त्यातून ज्वारीचे ५.९ वजा केले की लाकूड उरलं ५.३ लिटर. ४.२ किलोला ५.३ने भागलं की घनता ०.७९. वाळलेल्या पांगाऱ्याची ०.३च्या आसपास असते, शिवणीची ०.५, आंबा आणि फणस ०.६ ते ०.६५, साग साधारण ०.६५, बाभूळ ०.७५ ते ०.८, शिसव ०.८५च्या आसपास. म्हणजे तुमची काठवट बहुधा बाभळीची. कडा बाकदार असल्या तर या हिशोबात पाच-सात टक्के चूक सहज होते, आणि जुन्या भांड्यात मुरलेलं तेल-पीठही वजनात येतं. त्यामुळे आंबा की बाभूळ हे यातून कळेल, साग की आंबा हे कळणार नाही. बाभूळ आणि शिसव यांतला फरक डोळ्यांनी करा. शिसवीत जांभळट काळ्या शिरा असतात, बाभूळ एकजात तांबूस तपकिरी दिसते.

खात्री करायचीच असेल तर तळाच्या कडेला, जिथे शिरेचं टोक उघडं आहे तिथे, नव्या ब्लेडने नखाएवढी जागा साफ कापा आणि दहापट भिंगाखाली बघा. सागात वाढीच्या वलयाला धरून मोठ्या छिद्रांची ओळ दिसते. आंब्यात छिद्रं विखुरलेली असतात. फणस ताजा कापला तर पिवळा असतो. लेखी खात्री हवी तर लाकडाची ओळख पटवून देण्याचं काम देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत होतं, तिथे लाकडाच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. पण एका काठवटीसाठी एवढा खटाटोप मी सुचवणार नाही.

आता तुमचे दोन व्यास. ४६.० आणि ४५.१, म्हणजे दोन टक्क्यांचा फरक. हा फरक खरेपणाच्या बाजूने बोलतो. लाकूड वाळताना शिरेच्या लांबीत जवळजवळ आटत नाही, आडवं मात्र आटतं. भांडं अर्धओल्या लाकडात कोरलं की गोल कोरलेलं पुढे लंबगोल होतं. जुनी म्हणून दिलेली काठवट दोन्हीकडून मिलिमीटरपर्यंत सारखी भरली तर ती भट्टीत वाळवलेल्या लाकडाची, हल्लीची असण्याचा संशय घ्यावा. उलट फक्त लंबगोल आहे म्हणून जुनी मानू नये. ओलं लाकूड एका उन्हाळ्यातही आटतं.

हत्याराच्या खुणा काठवटीच्या बाहेरच्या अंगाला बघा, आत नको. आतली बाजू भाकरीच्या पिठाने आणि तळहाताने घासून गुळगुळीत होते. बाहेर मात्र वाकसाचे (लाकूड तासायचं हत्यार, काही जण तासणीही म्हणतात) उथळ कपे, म्हणजे घावांचे खळगे, राहतात. प्रत्येक कपा थोडा वेगळ्या खोलीचा आणि वेगळ्या दिशेचा असतो. विजेच्या गोल ग्राइंडरने कोरलेल्या मालावर कपे एकाच रुंदीचे असतात आणि त्यांत बारीक समांतर ओरखडे दिसतात. टॉर्च आडवा धरला की ते लपत नाहीत. नव्या मालावर पुष्कळदा मुद्दाम वाकस मारतात, पण तो सगळीकडे सारखा, नक्षीसारखा मारतात. खरा सुतार जिथे गरज नाही तिथे घाव घालत नाही.

झीज कुठे आहे ते बघा. मळणारी बाई पीठ एकाच बाजूला रेटते, म्हणून आतला खोलगटपणा बरोबर मध्यावर नसतो, थोडा एका अंगाला असतो. तळ जमिनीवर टेकतो तो कड्यासारख्या पट्ट्यात, तो पट्टा झिजतो आणि तळाचा मध्य कमी झिजतो. सगळीकडे सारखी झीज म्हणजे पॉलिश कागद फिरवलेला.

पट्टीचे खिळे गोल तारेचे आहेत की चौकोनी ठोकीव? आणि खिळ्याभोवती काळं-निळं वलय आहे का? बाभळीत टॅनिन भरपूर असतं. लोखंड आणि ओल यांच्याशी त्याचा संबंध आला की शाईसारखा काळा डाग पडतो आणि वर्षांनुवर्षं शिरांतून पसरतो. बाभळीच्या भांड्यात गंजलेला खिळा आहे आणि भोवतीचं लाकूड स्वच्छ आहे, तर खिळा अलीकडे बसवलेला.

शीगभर

मापांबद्दल. धान्याच्या जुन्या मापांत प्रत्येक माप खालच्याच्या दुप्पट. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पायली गावोगाव वेगळी होती, तेव्हा 'पायली म्हणजे इतके किलो' असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. संच एका घरचा की गोळा केलेला हे लिटरवरून कळत नाही, दुपटीवरून कळतं. तुमचे ३.९, १.९५ आणि ०.९७ चोख बसतात : पायली, अधोली, शेर. चौथं मापटं असतं तर ०.४९ भरायला हवं होतं. ०.४० हे कशातच बसत नाही.

त्याला बाहेरचं म्हणायच्या आधी दोन आकडे द्या : बाहेरची उंची आणि आतली खोली. चारही मापांचे. आणि लहान मापाच्या तोंडाचा आतला व्यास.

मोजण्याची रीत सगळ्यांसाठी एकदा सांगून ठेवतो, कारण इथे नेहमी घोळ होतो. पाणी कधीच नाही. पाणी लाकडात शिरतं, पट्ट्यांखाली अडकतं आणि जुना तळ फुगवून सांधा उघडतं. ज्वारी, बाजरी किंवा मोहरी घ्या, जितकं माप लहान तितका दाणा बारीक. दाणे एकाच उंचीवरून ओता, माप हलवू नका, ठोकू नका. ठोकलं की तेच माप पाच टक्के जास्त घेतं. वरून पट्टीने सपाट घासा. मग तेच दाणे खुणांच्या जगमध्ये, तसेच न ठोकता ओता. तीनदा करा, सरासरी घ्या. शीग, म्हणजे काठाच्या वर येणारा धान्याचा ढीग, लावून मोजू नका. मापाचं तोंड जितकं रुंद तितकी शीग मोठी, त्यामुळे शिगेसकट दोन मापांची तुलना होत नाही. बाजारात शिगेवरून भांडणं होत ती याचमुळे.

काठाकडे बघा. सपाट घासून वापरलेल्या मापाचा काठ वरून चपटा झिजतो आणि पितळी पट्टीची वरची धार पातळ होते. शो-पीस म्हणून केलेल्या मापाची धार शाबूत असते. पट्टी जिथे जुळते तिथे रिबीट आहे की स्क्रू? स्क्रूच्या डोक्यावर अधिकाची खूण असली तर तो १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचा, आणि आपल्याकडे बहुधा त्याहून बराच नंतरचा. तेवढ्यावरून माप नवं ठरत नाही, फक्त पट्टी नंतर आवळली एवढंच ठरतं. काठावर किंवा पट्टीवर ठोकलेला सरकारी छाप शोधा. मुंबई इलाख्यात १९३२चा वजनमापांचा कायदा झाल्यावर तपासलेल्या मापांवर छाप पडू लागले. १९५६च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती व्यापारात सक्तीची झाली. म्हणून छाप असलेलं शेराचं माप या दोन टप्प्यांच्या मधलं धरता येतं. लाकडी वस्तूला एवढा नेमका कालखंड मिळणं दुर्मीळच. छाप नसला तर घरगुती माप. ते त्याआधीचंही असेल, नंतरचंही असेल, कारण खेड्यात पायली-मापटं दशमानानंतरही चालूच होतं.

एक इशारा. आपल्याकडच्या दुकानांत पितळी पट्ट्यांची मोठी गोल मापं 'मराठेशाहीतली पायली' म्हणून मांडलेली असतात. त्यातली कितीतरी केरळची 'परा' असते. लग्नात, पूजेत भाताने शीगभर भरून ठेवतात ती. बहुतेक फणसाच्या लाकडाची, पट्ट्या रुंद आणि चकचकीत. तिथला हिशोब दुपटीचा नाही : चार नाळींची एक इडंगळी, दहा इडंगळींची एक परा. वस्तू म्हणून परा चांगलीच असते. फक्त तिला पायलीचं नाव देऊन विकू नये, इतकंच.

देवदार

तिसरं भांडं सट नाही आणि पेशवेकालीन तर नाहीच. ही ठेकी आहे. कुमाऊँ, गढवाल आणि नेपाळच्या डोंगराळ भागात दही लावायला, दूध-तूप ठेवायला वापरतात. तुम्ही लिहिलेला आंबूस वास लोणच्याचा नाही, मुरलेल्या दह्यातुपाचा आहे. लोणच्याचं असतं तर मिठाने आतलं लाकूड पांढरट आणि तंतू सुटे झालेले दिसले असते. शिवाय सट म्हटलं की आपल्याकडे चिनी मातीचा डोळ्यासमोर येतो. लोणचं घालणारी कोणती बाई अकरा सेंटीमीटरच्या तोंडाच्या लाकडी भांड्यात हात घालेल?

उत्तराखंडात ही भांडी ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या सांगाड्यावर, म्हणजे लेथवर, कातली जात. कुमाऊँत त्यासाठी गेठी आणि सांदण ही लाकडं वापरतात. दोन टोकांत धरलेल्या ठोकळ्यावर आकडीसारख्या वाकड्या हत्याराने आतून पोकळ करायचं, तर मधे गाभ्याचा खुंट शिल्लक राहतो, तो शेवटी मोडून काढतात. म्हणून आत टॉर्च मारून तळाचा मध्य बघा. मोडलेल्या खुंटाची खरबरीत खूण किंवा छिन्नीने तासलेला उंचवटा हवा. बाहेर तळाच्या मध्यालाही सांगाड्याच्या टोकाचा खळगा दिसतो. याउलट विजेच्या लेथवर भांडं पत्र्याच्या चकतीला स्क्रूने धरतात. तळावर समान अंतरावर तीन-चार भोकं, किंवा ती बुजवलेले लाकडी ठिपके दिसले तर ठेकी हल्लीची.

कुमाऊँची की नेपाळची हे गळ्याखालच्या तीन रेषांवरून सांगू नका, अशा रेषा दोन्हीकडे असतात. दुकानदाराने माल कुठून उचलला हे विचारा आणि त्याच्या उत्तराला एक पुरावा एवढंच वजन द्या.

आतला काळेपणा नैसर्गिक की रंगवलेला? कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन तळाच्या आतल्या कोपऱ्यात हलकेच टेका. बोळा तांबूस झाला आणि चिकटला तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश आहे. तुपाचा जुना थर स्पिरिटने असा निघत नाही. बोळा लावायचाच नसेल तर नोटा तपासायचा अतिनील टॉर्च अंधारात मारून बघा, ३६५ नॅनोमीटरचा असला तर उत्तम. चपडा नारिंगी चमकतो. फक्त तोंडाच्या काठावर आणि पोटाच्या दर्शनी भागावर नारिंगी चमक, बाकी मंद, असं दिसलं तर विकण्याआधी हात फिरवलेला आहे.

वाटणीपत्र

खूप आभार. तपासलेलं लिहितो.

काठवट : बाहेर उथळ कपे आहेत, अनियमित. पट्टीचे खिळे गोल तारेचे, पण भोवती काळं वलय बोटभर पसरलंय. भोकांखाली कागद ठेवला होता, दोन दिवसांत मैद्यासारखा भुसा पडला.

ठेकी : आत तळाला खरबरीत उंचवटा आहे. तळावर स्क्रूची भोकं नाहीत. अतिनील टॉर्चमध्ये फक्त बाहेरचं पोट नारिंगी.

मापं : मोठ्या तिन्हींच्या तळाची जाडी, बाहेरची उंची वजा आतली खोली, १.७ ते १.९ सेमी. लहानाची बाहेरची उंची १२.८, आतली खोली ९.०, तोंड आतून ७.५. छाप शेराच्या आणि अधोलीच्या पट्टीवर आहे, पुसट. पायलीवर आणि लहानावर नाही.

शीगभर

मग लहान मापाचा तळ ३.८ सेमी जाड झाला! बाकीच्यांपेक्षा बरोबर दोन सेंटीमीटर जास्त. साडेसात सेमी व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेमी, दोन सेमी उंचीला ८८ घनसेमी. ०.४०मध्ये ते मिळवा : ०.४९. मापटंच आहे ते, संचातलंच. फक्त आत दुसरा तळ बसवलाय.

आत भिंत आणि तळ मिळतात तिथे टॉर्च आडवा मारून बघा, गोल सांधा दिसेल, बहुधा राळेने किंवा लाखेने बुजवलेला. तळावर आतून आणि बाहेरून नखाने टकटक करा. दोन थर असले तर आवाज बद्द येतो. सांधा उकरू नका.

वाकसाचा_घाव

मापात पाप म्हणतात ते हेच का? घाईने ठरवू नये. मूळ तळ किडीने खाल्ला म्हणून सुताराने आतून चकती बसवली, असंही होतं. बाहेरून मूळ तळ बघा. तो पोखरलेला असेल तर दुरुस्ती. धडधाकट असेल तर मग दुसरं कारण शोधायला हरकत नाही. चकती पाचरी मारून घट्ट बसवली आहे की सहज काढता यावी अशी, हेही बोलकं असतं. तपासणीच्या दिवशी निघावा आणि बाजाराच्या दिवशी बसावा असा तळ करण्यात हुशारी होती खरी. छापही नेमका याच मापावर नाही, पण पायलीवरही नाही, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही.

काठवटीच्या काळ्या वलयावरून पट्टी जुनी आहे असं दिसतं. तारेचे खिळे आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर रुळले, म्हणजे दुरुस्ती त्यानंतरची. काठवट दुरुस्तीच्या आधीची, पण किती आधीची हे कोणालाही सांगता येणार नाही. प्रयोगशाळेत कार्बन तपासून घेऊ म्हणणारेही भेटतील. साधारण १६५० ते १९५० या काळातल्या लाकडाला ती चाचणी नेमकं उत्तर देत नाही, आणि देते ते झाड वाढलं त्या काळाचं, भांडं कोरलं त्या काळाचं नाही. पैसे वाचवा.

भुंगेरा

मैद्यासारखा भुसा म्हणजे कीड जिवंत आहे. काठवट आजच बाकीच्यांपासून वेगळी काढा. एक-दीड मिलिमीटरची गोल भोकं आणि तालकम पावडरसारखा भुसा, हे लाकूड पोखरणाऱ्या बारीक भुंगेऱ्यांचं काम. त्यांना मऊ बाहेरचं लाकूड आवडतं, त्यातला स्टार्च खातात. पक्क्या गाभ्याला ते सहसा शिवत नाहीत. तुमच्या काठवटीत भोकं फक्त तळाच्या एका कडेला असतील तर ठोकळ्याची ती कड बाहेरच्या लाकडाची होती इतकंच.

उन्हात टाकू नका. एका बाजूने तापलं की ती भेग पट्टीखालून पुढे जाईल. रॉकेल ओतू नका, वास कायमचा राहतो आणि भाकरीच्या भांड्याची किंमत तिथेच संपते. गोठवणं हा साधा उपाय. काठवट जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, हवा दाबून काढून, चिकटपट्टीने बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ४६ सेमी मावणार नाही, आइस्क्रीमवाल्याचा आडवा फ्रीझर लागेल. बाहेर काढल्यावर पूर्ण चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड लाकडावर दव धरून बुरशी येते. मग काळ्या कागदावर महिनाभर ठेवून नवा भुसा पडतो का बघा. लाखेचा रंग चढवलेली सावंतवाडी पद्धतीची भांडी, जडावकाम असलेले करंडे हे मात्र गोठवू नयेत. लाकूड आणि लाख वेगवेगळी आकसतात आणि रंगाला तडे जातात.

खरेदी करणाऱ्यांसाठी एक खूण. किडीचं भोक पृष्ठभागावर गोल दिसायला हवं, कारण कीड आतून बाहेर पडते. पृष्ठभागावर भोकाऐवजी उभी चिरलेली पन्हाळी दिसली, म्हणजे बोगदा लांबीत कापला गेलाय, तर आधीच किडलेल्या जुन्या लाकडातून भांडं नंतर कोरलंय. पाडलेल्या वाड्यांच्या तुळयांतून असा 'जुना' माल भरपूर बनतो.

तेलाचं : खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल वाळत नाही, चिकट राहतं, धूळ धरतं आणि खवट होतं. जवसाचं वाळतं, पण एकदा वाळलं की काढता येत नाही. रोजच्या वापरातल्या नव्या काठवटीला काय लावायचं तो वेगळा विषय. तुमच्या वस्तूंना काहीच नको.

जाता जाता, ज्यांच्याकडे कुंकवाचे जुने करंडे आहेत त्यांनी आतला लाल-केशरी थर बोटाने खरवडू नये. शेंदूर शिशाचा असतो, हिंगूळ पाऱ्याचा. हात धुवा, आणि करंडा लहान मुलांच्या हातात देऊ नका.

हातोडा

आता किंमत. आकडा सांगणार नाही, कारण वस्तू हातात न घेता सांगितलेला आकडा वाटणीत भांडणच लावतो. रीत सांगतो.

आधी कोणती किंमत हवी ते ठरवा. दुकानाच्या चिठ्ठीवरची, दुकानदार तुमच्याकडून घेताना देईल ती, आणि लिलावात हातोडा पडलेली, या तिन्ही वेगळ्या. पहिल्या दोहोंत दुपटीचा फरक दिसला तरी आश्चर्य वाटून घेऊ नका, त्यात दुकानाचं भाडं आणि वर्षभर न खपलेला माल असतो. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय की नाही ते बघा. भावंडांच्या वाटणीला मधली, म्हणजे हातात येईल ती किंमत घ्या आणि सगळ्या वस्तूंना तीच फूटपट्टी लावा. एकाला चिठ्ठीची आणि दुसऱ्याला हातातली, इथेच रुसवे होतात.

मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याची जुनी फर्निचर दुकानं, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, अशा दोन-तीन ठिकाणी तशीच वस्तू विचारा. विकायला आणलीय असं सांगून एक भाव घ्या, घ्यायचीय असं सांगून दुसरा. ऑनलाइन मागितलेल्या किमती जमेत धरू नका, विकल्या गेलेल्या धरा.

काठवटीला खालची मर्यादा कशी काढायची ते बघा. ४८ बाय ४८ बाय १२ सेमीचा ठोकळा लागला असेल, म्हणजे जवळपास एक घनफूट. आजचा बाभळीचा किंवा आंब्याचा घनफुटाचा दर आणि सुताराची मजुरी मिळवा. चांगली जुनी काठवट त्याखाली विकू नये. भेग आणि जिवंत कीड यांनी किंमत उतरते. जुन्या लोखंडी पट्टीने मात्र फारशी उतरत नाही, संग्राहकाला ती आवडते. पट्टी काढून भेगेत फेव्हिकॉल-भुसा भरलात तर उतरेल. 'मन चंगा तो काथवट में गंगा' म्हणून आपण भक्तिभावाने सांगतो, पण बाजारात काठवटीला नेहमीच कमी लेखलं जातं. नक्षी नाही म्हणून. एकाच ठोकळ्यातून, बिनसांध्याचं, एवढ्या व्यासाचं भांडं आता सहज होत नाही, कारण तेवढ्या घेराचा बाभळीचा बुंधा मिळत नाही.

मापं वेगळी करू नका. चारांचा संच, त्यात दोन छापांचे, हा सुट्या चार मापांपेक्षा बराच वरचा. तो एकाच्या वाट्याला जाऊ द्या आणि बाकीच्यांना दुसऱ्या वस्तूंनी भरपाई द्या. ठेकीची किंमत ठेकी म्हणून धरा. बिलावरच्या 'पेशवेकालीन'ला शून्य.

कॅनडाच्या प्रश्नाकडे येतो. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून नवी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञ समितीकडून 'ही पुरावस्तू नाही' असं प्रमाणपत्र घेऊन मग न्यावी. इथे ते बिल उलटतं. पेशवाई १८१८मध्ये संपली, म्हणजे दुकानदाराने स्वतःच्या सहीने भांडं दोनशे वर्षांचं ठरवून दिलंय. प्रमाणपत्राच्या अर्जासोबत ते जोडू नका असं सांगणार नाही, लपवाछपवी नकोच. पण दुकानदाराकडून वस्तूचं नुसतं वर्णन असलेलं दुरुस्त बिल आधी मागून घ्या, आणि खुंटाच्या खुणा, पॉलिश, मापं यांचे फोटो अर्जाला जोडा. शिसवीची वस्तू असेल तर आणखी एक अडचण : २०१७पासून शिसवाचा जवळजवळ सगळा वंश 'साइट्स'च्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. हस्तिदंताचं जडावकाम असलेला करंडा तर विकायचा आणि न्यायचा विचारही सोडा. भुसा पडणारी काठवट तिकडच्या कस्टमवर अडू शकते, ती इथेच ठेवा.

वाटणीपत्र

काठवट उद्या फ्रीझरला. लहान मापाचं बाहेरून पाहिलं : मूळ तळ धडधाकट आहे, एकही भोक नाही. आतली चकती मधोमध एका बारीक भोकाची आहे, भोकात काळं मेण भरलंय. सांध्याला राळ नाही, मेणच आहे.

शीगभर

मेण आणि मधे भोक, म्हणजे दोरा किंवा खिळा घालून उचलायची सोय. दुरुस्तीला सुतार मेण वापरत नाही, आणि धडधाकट तळावर दुसरा तळ घालत नाही. चकती जागेवरच राहू द्या, दोन्ही मोजमापं (मोजलेलं ०.४० आणि चकतीशिवाय हिशोबाने येणारं ०.४९) चिठ्ठीवर लिहून मापाच्या आत ठेवा. संच ज्याच्या वाट्याला जाईल त्याने ती चिठ्ठीही न्यावी. किंमत चढेल ती याच मापट्याची.